पिक्चरमध्ये मुलगी नव्हती

सुनंदाची आई,

काल मी तो पिक्चर बघितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, मध्ये एकदाच पाणी प्यायला उठलो. त्यात हिरो होता, हिरोईन होती, हिरोचा एक जाडा मित्र होता, एक वकीलबाई होती, कुत्रा पण होता. मुलगी नव्हती. मी सुनंदाला दोनदा विचारलं, "यातलं काही कापलंय का?" ती बोलली, "नाही बाबा, एवढाच आहे."

म्हणजे ती मुलगी तू घातलीस.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. लोक येऊन गेले. यमुनाबाई फार मायाळू, यमुनाबाईंनी कधी कुणाला दुखावलं नाही, असं बोलून चहा पिऊन गेले. मी मान हलवत बसलो. मायाळू होतीस, पण तुझी जीभ त्यांनी ऐकलेली नाही. ती मी ऐकली, नऊ वर्षं, पडद्याच्या अलीकडून.

सुनंदा बोलली, बाबा, आईबद्दल काहीतरी लिहून काढा, कुणाशी बोलत तर नाही तुम्ही. शाळा माझी चौथीपर्यंत, पण कंपनीत पाळीचा रिपोर्ट मीच लिहायचो, तेव्हा अक्षर काही वाईट नाही. तर तुलाच लिहितो. दुसऱ्या कुणी वाचलं तर वाचू दे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, शेवटी ठेवली तर मी ती सांगणारच नाही. त्या दुपारी तू पडलीस त्याचा आवाज मला आला होता. मी उठलो नाही. तासभर उठलो नाही. आणि सुनंदाला मी सांगितलं, लगेच गेलो.

आता बाकीचं.

नऊ वर्षांपूर्वीचं भांडण तुला पाठ आहे. पण माझी बाजू तू कधी शांतपणे ऐकून घेतली नाहीस, ती आता घे. सुनंदानं उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी लग्न ठरवलं. लोक समजतात, मुलगा सिंधी म्हणून म्हातारा पेटला. ते थोडं होतं, खोटं कशाला बोलू. पण खरा राग तो नव्हता. ती तुला बोलली. तू तुझ्या बहिणीला बोललीस. बहिणीनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं चारचौघांना. आणि मला कुठं कळलं, तर रिटायर व्हायच्या महिन्यात, आनंदनगरला कंपनीच्या गेटवर, पहिल्या पाळीला आत शिरताना. वॉचमन बोलला, "काका, पेढे कधी?" स्वतःच्या पोरीचं लग्न बापाला वॉचमनकडून कळतं. त्या दिवशी मशीनवर माझं बोट जाता जाता वाचलं. हे पण तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी बोललो, त्या लग्नाला जायचं नाही. तू गेलीस. हिरवी साडी नेसून, माझ्यासमोरून, पुढच्या दारानं गेलीस. परत आलीस तोवर तुझी पेटी, तुझी गोधडी, तुझा आरसा मी सगळं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं.

"आजपासून तू तिकडं, मी इकडं," मी बोललो. "मागचं दार तुझं, पुढचं माझं. माझ्याशी बोलायचं नाही. भावकी बोलावतो आणि काडीमोड करून टाकतो."

तू पदर खोचलास. "बोलवा की. काडी मोडतील, भिंत कशी मोडणार? घर दोघांच्या नावावर हाय. याच्या विटा मी पण वाहिल्यात."

"मग राहा तिकडंच."

"राहते. पण तुम्ही पण इकडं पाय ठेवायचा नाय. मी मेले तरी नाय."

विटा तू वाहिल्यास, हे खरं. तेव्हा चिखलोलीत सगळी भातशेतं होती, आपलं घर उघड्यावर एकटं. तू पॅकिंगच्या कंपनीतून सुटून यायचीस आणि अंधार पडेपर्यंत डोक्यावर पाट्या वाहायचीस. गवंडी तुला घाबरायचा, मला नाही. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि आपल्या पत्र्यावर ऊन दहा वाजता येतं. पण भिंत हलली नाही. भावकी आली, जेवून गेली, काडी कुणी मोडली नाही. मधल्या दाराला तू तुझी एक जुनी जांभळी साडी पडदा म्हणून लावलीस, आणि झालं आपलं वेगळं.

वेगळं झालं पण नळ एकच. पाणी सकाळी यायचं, नळ माझ्या बाजूला, पिंप तुझ्या बाजूला. दोन दिवस तू शेजारून कळशीनं भरलंस. तिसऱ्या दिवशी पडद्यामागून आवाज आला, "कुणीतरी नळी इकडं सोडा म्हणावं." मी नळी सोडली आणि भिंतीकडं बघून बोललो, "कुणीतरी पिंप भरलं की ओरडा म्हणावं." तेव्हापासून आपण दोघं कुणीतरी झालो. कुणीतरी दळण आणा. कुणाच्या तरी चपला पायात येतात. लाईटबिल आलंय, कुणाला दिसत नसेल तर चष्मा लावा. नऊ वर्षं तू मला अहो म्हटलं नाहीस आणि मी तुला हाक मारली नाही, आणि एक दिवस गप्प गेला असेल तर शपथ.

मी छोटी शेगडी आणली आणि खिचडी शिकलो. शिकलो म्हणजे काय, डाळ आणि तांदूळ एका भांड्यात जीव द्यायचे. नेमकी माझी खिचडी करपली की तू तिकडं सुकट भाजायचीस. वास काय पडद्याला थांबतो? एकदा मी नाक ओढलं असेल मोठ्यानं. लगेच आलंच तिकडून, "वासाचं भाडं नाय घेत मी. घ्या म्हणावं पोटभर."

मला एकदा ताप चढला होता. तू पडद्याखालून पेजेची वाटी सरकवलीस. मी तिच्याकडं बघत पडलो, हात लावला नाही. संध्याकाळी प्यायलो, पार गार झाली होती. वाटी घासून परत सरकवली. ती पेज मला अजून आठवते. मीठ बरोबर होतं.

तू जाऊ शकत होतीस. सुनंदानं तुला कितीदा बोलावलं, तिच्याकडं खोली होती, पंखा होता, टीव्ही होता. तू दर सोमवारी मागच्या दारानं निघायचीस आणि दिवेलागणीला परत यायचीस. मी तेव्हा पुढच्या ओट्यावर बसलेला असायचो. तू गल्लीच्या तोंडाशी दिसलीस की उठून आत यायचो आणि टीव्ही लावायचो. तुला वाटायचं, म्हाताऱ्याला पत्ताच नाही आपण आलोय. नऊ वर्षांत एक सोमवार असा गेला नाही की तू परत आली नाहीस. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. पण तू परत यायचीस.

मग यंदाच्या एका सोमवारी तू हसत आलीस. एकटीच हसत होतीस. भांडी घासताना हसलीस, चहा गाळताना हसलीस. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"एक पिक्चर बघितला आज," तू विळीवर बसून वांग्यांना सांगायला लागलीस. "नवराबायकोचा. त्यांचं फाटलंय. कोर्टात केस हाय. पण घर दोघांचं, आणि घर सोडायला कुणी तयार नाय. मग काय केलं असेल? रंगीत पट्टी आणली चिकटवायची, आणि घराच्या मधोमध मारली. ही तुझी बाजू, ही माझी."

मी पडद्याकडं सरकून बसलो.

"फ्रीजला पण वाटणी. वरचे कप्पे त्याचे, खालचे तिचे. आणि अंडी ठेवायची जागा दारात, तिच्यावरून केस."

मला हसू आलं. मी ते खोकल्यात घातलं.

"खोकला झाला वाटतं कुणाला," तू बोललीस. "आलं टाकून घ्या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावलाच नाही. संध्याकाळ झाली, तू दिवा लावलास, विळी ओढलीस आणि तिकडून बोललीस, "आज टीव्ही बिघडलाय वाटतं कुणाचा." आणि पिक्चर पुढं चालू केलास. मग रोज. कधी वांग्यांना, कधी मेथीला. तो हिरो तिच्या बाजूचा बल्ब काढून ठेवतो. ती त्याच्या बाजूच्या खिडकीत कुत्र्याला बांधते. तो स्वयंपाक शिकायला जातो आणि शेजारी फायर ब्रिगेड बोलावतात. मी इकडं पोटाला उशी दाबून बसायचो.

आणि भांडलो पण आपण त्यावरून. हिरोईननं नवऱ्याला न विचारता काहीतरी ठरवलं, तिथून त्यांचं फाटलं, असं तू सांगितलंस. मी भिंतीला बोललो, "चूक तिचीच आहे. नवऱ्याला न विचारता ठरवलं कसं?"

"विचारलं असतं तर हो बोलला असता का?"

"ते वेगळं. विचारायला पाहिजे होतं."

"बरं, नाय विचारलं. चुकलं. मग आता त्यानं काय म्हातारा होईस्तोवर त्या पट्टीच्या पलीकडं बसायचं?"

"त्याचा काही मान आहे की नाही?"

"हाय ना. मान हाय, खिचडी हाय, सगळं हाय त्याच्याकडं."

हे भांडण आपलं राहिलंय. मला अजून वाटतं, विचारायला पाहिजे होतं. काल पिक्चर बघताना मी ती जागा शोधत होतो, तिथं कोण बरोबर निघतं ते बघायला. तर त्या पिक्चरमध्ये हिरोईननं न विचारता काही ठरवलेलंच नाही. त्यांचं भांडण हिरोच्या नोकरीवरून. म्हणजे ते पण तुझंच.

आठवड्याभरानं तू बोललीस, "आता सांगायचं राहिलंच. त्यांना एक मुलगी असते. लग्न होऊन गेलेली."

मी ताटातली खिचडी कालवत होतो.

"बाप तिचं नाव काढत नाय. मला मुलगी नाय, सांगतो सगळ्यांना. पण दर आठवड्याला गुपचूप जातो. तिच्या घरासमोर एक चहाची टपरी हाय, तिथं उभा राहतो, एक कटिंग पितो. ती वर गॅलरीत कपडे वाळत घालते, तेवढं बघतो आणि परत येतो. घरी सांगतो, पेन्शनच्या कामाला गेलो होतो."

माझा हात ताटात तसाच राहिला. मी दर बुधवारी पेन्शनच्या कामाला जायचो, हे तुला ठाऊक होतं. "लई लांबलं बाई कुणाचं पेन्शनचं काम," असं तू कितीदा बोलली होतीस. पण ती टपरी? ती गॅलरी? मला वाटलं, पिक्चरवाल्यांना काय काय सुचतं. माझ्यासारखा दुसरा कुणी असेल जगात, त्याच्यावर काढला असेल. असा मी शहाणा.

"मग?" असं माझ्या ओठावर आलं होतं.

"एक दिवस," तू बोललीस, आणि विळी उभी करून ठेवलीस, तिचा आवाज आला. "एक दिवस तो असाच उभा असतो आणि मुलगी खाली बघते. त्याला बघते. आता तो आत जातो का माघारी फिरतो, ते पुढं. पण पुढचं मी आपणहून नाय सांगणार. ज्याला ऐकायचं असेल त्यानं विचारावं."

मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून तू विळीवर बसलीस आणि बोललीस, "तर मग..." आणि थांबलीस. मी टीव्ही लावला. तिसऱ्या दिवशी पण थांबलीस. मी बातम्या लावल्या. चौथ्या दिवशी तू थांबली नाहीस, सरळ भाजी चिरायला घेतलीस, आणि मला वाटलं, चला, जिंकलो. दोन शब्दांचं काम होतं. पुढं काय? एवढंच. कुणीतरी विचारतंय म्हणून विचारलं असतं तरी तुला चाललं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी तू गेलीस.

मी इकडं पेपर वाचत होतो. तिकडं काहीतरी पडलं. स्टीलचं असेल, गरगरत गेलं आणि थांबलं. तू रागात भांडी आपटतेस ते मला नवीन नव्हतं. मी मोठ्यानं बोललो, "भांडी फोडायची असतील तर अंबरनाथच्या बाजारात नवीन मिळतात म्हणावं." उत्तर आलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझ्याकडून उत्तर आलं नाही, आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. शेवटचा शब्द आज माझा राहिला, असं वाटलं. मी पेपरचं पान उलटलं.

चार वाजता तू चहा टाकतेस. आलं ठेचल्याचा आवाज येतो. चार वाजले, आवाज नाही. मी बोललो, "कुणीतरी आज चहा विसरलं." मग पुन्हा बोललो. मग उठलो आणि पडद्यापाशी गेलो, आणि तुला खरं सांगतो, पडदा हातात धरून तिथं पण थांबलो. तुझं ते वाक्य आठवलं. पाय ठेवायचा नाय. मग आत पाय टाकला.

तू गॅसच्या ओट्याखाली होतीस. तूरडाळीचा डबा पडला होता आणि डाळ तुझ्या केसांत, सगळीकडं. मी ती आधी केसांतून काढायला लागलो. हाक नंतर मारली. यमुना, बोललो. तुला नावानं मी कधी हाक मारली होती? लग्नात नाव घेतलं असेल तेवढंच.

डॉक्टर बोलला, झटका मोठा होता, पडता पडताच गेल्या, लगेच आला असता तरी काही झालं नसतं. तो चांगला माणूस आहे, सगळ्यांना तसंच सांगत असणार.

सुनंदा आली. नऊ वर्षांनी या घरात आली, आणि मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं आली. तुझ्यापाशी बसली. मग माझ्याकडं बघून बोलली, "बाबा, आवाज आल्यावर तुम्ही लगेच गेलात ना?"

नऊ वर्षांनी पोरगी बापाशी पहिलं बोलते आणि हे विचारते. मी बोललो, "हो. लगेच."

तिनं माझा हात धरला. तेरा दिवस या घरात राहिली, मला ताटात वाढलं, मी जेवत नाही म्हणून ओरडली, तुझ्यासारखीच ओरडते. जाताना बोलली, बुधवारी जेवायला या घरी. ते सगळं त्या एका शब्दावर उभं होतं, लगेच या शब्दावर. मला ते ठाऊक होतं आणि मी जेवत होतो.

काल बुधवार. मी गेलो. चहाच्या टपरीवरून गेलो, थांबलो नाही. जावई, हरेश, खाली दुकानात होता, गल्ला सोडून उठला, मला जिन्यानं वर घेऊन आला. "बाबा, बैठो, म्हणजे, बसा. इधर हवा आती है." त्याची मराठी अशी आणि माझी हिंदी त्याहून वाईट. त्यानं माझ्या पाठीला तक्क्या लावला. सुनंदानं वरण, भात, सुकट केली होती. जेवण झाल्यावर मी बोललो, "आईनं इथं एक पिक्चर बघितला होता. नवराबायकोचा, घरात पट्टी मारतात तो. तो लाव."

सुनंदा हसली. "तो? आईला झोप लागली होती त्यात. इंटरव्हलच्या आधीच घोरायला लागली."

मी तरी बोललो, लाव.

सगळा बघितला. शेवट सांगू? हिरो कोर्टाच्या पायऱ्यांवर कान धरतो, ती रडते, वकीलबाई पण रडते आणि सगळे नाचतात. सुनंदा बोलली, असल्या पिक्चरचा शेवट असाच असतो. तुझ्या पिक्चरचा शेवट काय होता, ते आता कळायचं नाही. तो तुझ्याकडंच राहिला.

"कसा वाटला?" सुनंदानं विचारलं.

मी विचारलं, "यात मुलगी कुठाय?"

"कसली मुलगी?"

मग मी सांगितलं. वांग्यांना सांगितलेलं, मेथीला सांगितलेलं, सगळं. त्या बापाचं सांगितलं, टपरीचं सांगितलं. सुनंदाला काही कळेना. हरेशला कळलं. तो खाली मान घालून बोलला, "बाबा, वो मैंने बताया था मम्मी को. मी दुकानातून बघायचो तुम्हाला, हर बुधवार. सुनंदाला नाही बोललो, ती रडेल म्हणून. मम्मीला बोललो. मम्मी बोली, चुप रह, तो येईल आपणहून."

सुनंदा माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही इथं यायचात? खाली?"

"हो."

"किती वर्षं?"

"तू इथं आल्यापासून."

तिचे डोळे भरले. ती उठून माझ्याकडं यायला निघाली. मी तेव्हाच बोललो, कारण ती जवळ आली असती तर मग मी बोललो नसतो. "सुनंदा, थांब. मी लगेच गेलो नव्हतो."

ती थांबली.

"आवाज आला होता. वाटलं, भांडी आपटते. पेपर वाचत बसलो. चार वाजता आत गेलो."

"किती वेळ?"

"तासभर."

खाली कुणी गिऱ्हाईक हरेशला हाका मारत होतं. तो गेला नाही.

"इथं समोर उभे राहिलात, नऊ वर्षं," सुनंदा हळू बोलली. "आणि आत नाही आलात."

"नाही."

"आणि तिकडं पण पडद्याच्या अलीकडं बसलात. आत नाही गेलात."

नऊ वर्षं मला वाटलं, ही दोन वेगळी घरं आहेत, दोन वेगळी भांडणं आहेत. पोरीनं एका दमात दोन्ही एकात घातली.

"आज जा बाबा," ती बोलली. "मला नाही बघवत तुमच्याकडं." आणि आत गेली. मी चपला घातल्या. जिना अर्धा उतरलो तेव्हा वरून आवाज आला, "पोचलात की फोन करा." रागातच बोलली.

पोचल्यावर फोन केला. "पोचलो," मी बोललो. "बरं," ती बोलली आणि ठेवून दिला.

हरेशनं मला जिन्यापाशी सांगितलं होतं, "बाबा, दो-चार दिन रहने दो. राग शांत झाला की ती स्वतः फोन करेल. मैं समझाऊंगा." पोरगा चांगला आहे, हे मी पहिल्यांदा लिहितो आहे, आणि आधी ओळखलं नाही हे पण लिहितो. पण त्याचं हे ऐकायचं नाही, असं मी ठरवलंय. ती फोन करेल म्हणून मी इथं बसलो, तर मला मी ठाऊक आहे. दोन दिवसांचे दोन महिने करीन. बोलवू दे तिला आधी, बोलीन. माझा काही मान आहे की नाही, बोलीन. आणि एक दिवस कुणीतरी येऊन मला सांगेल, काका, तुमच्या पोरीचं असं असं झालं.

आज सकाळी नळ आला तेव्हा मी पिंप भरलं. पिंप आता लागत नाही, तरी भरलं. तुझ्या बाजूला जाऊन भरलं. दाढी केली. ही वही आता मिटतो आणि निघतो. चिखलोलीच्या नाक्यावर रिक्षा मिळते, अंबरनाथला बदलावी लागते, दुपारच्या जेवणाच्या आत पोचेन.

तिनं बोलावलेलं नाही. माझ्या तोंडावर दार लावेल, असं पण होईल. तर मी बेल वाजवीन, आणि पुन्हा वाजवीन. उघडलं की चपला बाहेर काढीन, बाहेरच्या खोलीत बसणार नाही, तक्क्याला टेकणार नाही, सरळ आत तिच्या स्वयंपाकघरात जाईन. ओरडली तर ओरडू दे.